श्वासांची गणती

आमच्या अंबाजोगाईच्या वाड्यात माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. माझ्या शिक्षकीचा सारा संसार तीत भरलेला आहे. जुनी टाचणे, मुलांनी काढलेले नकाशे, निबंधांच्या वह्या आणि संस्कृत रूपांची माझ्या हातची टिपणे असा तो ऐवज. दर दिवाळीच्या आवराआवरीत धाकट्या सूनबाई ती पेटी रद्दीवाल्याच्या स्वाधीन करण्याचा प्रस्ताव मांडतात, आणि दर दिवाळीस मी तो फेटाळून लावतो. म्हातारपणी माणसाला कागदाची माया फार सुटते, असे आमचे बंधू म्हणतात. ते खोटे नाही. तथापि पेटी न देण्याचे खरे कारण निराळे आहे, व ते मी घरात कुणापाशी बोललो नव्हतो. त्या पेटीच्या तळाशी एका मुलीची निबंधाची वही आहे.

मी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. पुढे पाठशाळेत काही वर्षे व्याकरण व काव्य ह्यांचे अध्ययन झाले, आणि त्या शिदोरीवर बालाघाटाच्या डोंगरातील एका खेड्यात मराठी व संस्कृत शिकविण्याची नोकरी मिळाली. निवृत्त होईपर्यंत मी तेथेच होतो. त्या शाळेला पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे ऋतू नव्हते. दिवाळीपूर्वीचा एक आणि दिवाळीनंतरचा एक, असे दोनच. दिवाळीपूर्वी वर्गात बसावयास जागा पुरत नसे. दिवाळीनंतर हजेरी घेताना अर्ध्याहून अधिक नावांपुढे कुणी 'हजर' म्हणत नसे, आणि माझा लाल पेन्सिलीचा तुकडा मात्र लवकर झिजे.

बीड जिल्ह्याबाहेरील वाचकांस हा प्रकार थोडा उलगडून सांगितला पाहिजे. आमच्या जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात पाऊस थोडा, जमीन हलकी. खरिपाचे पदरात पडले की पुढे सहा महिने हाताला काम नाही. म्हणून दरसाल काही लाख माणसे ऊसतोडीसाठी सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर ह्या बाजूंस, कोणी कर्नाटकात बेळगावापर्यंतही जातात. मुकादम आगाऊ पैसे देतो, त्यास 'उचल' म्हणतात. ती घेतली की हंगामभर अंगाने फेडावयाची. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. दोन जिवंत माणसे मिळून एक हत्यार, हा हिशेब प्रथम कानी पडला तेव्हा मला मोठा चमत्कारिक वाटला होता. पुढे सवय झाली. फडाशेजारी बांबू, तट्ट्या आणि ताडपत्री ह्यांची कोपी उभी करावयाची. आत वाकून शिरावे लागते. उजाडण्यापूर्वी फडात जावे, रात्री-अपरात्री वाहन भरावयास उठावे. शिकती मुले अलीकडे हंगामी वसतिगृहांत किंवा आजी-आजोबांपाशी गावी राहू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट. परंतु अंगावर पिणारे मूल कोणत्या वसतिगृहात ठेवावयाचे? ते आईबरोबर जाते, आणि बांधावर पाचटाच्या अंथरुणावर किंवा साडीच्या झोळीत दिवस काढते.

२००८ सालचा चैत्र होता. पट्टा पडला होता आणि माणसे परत आली होती. सहावीच्या वर्गास मी 'माझ्या आठवणीतील एक दिवस' हा विषय दिला. त्या मुलीने पाऊण पान लिहिले. तिचा सात महिन्यांचा भाऊ, ज्याला दिवाळीपूर्वी ती कडेवर घेऊनच शाळेच्या फाटकापर्यंत येत असे, तो फडावर आजारी पडला होता. तिची वाक्ये अशी होती: बाळ लई जोरात स्वास घेत होतं. त्याचं पोट उडत होतं. आई म्हणली डबा झालाय, दवाखान्यात नेऊ. मुकादम म्हणला गाडी भरून जाऊ द्या मग न्या. सकाळी बाळ थंड झालं.

मी काय केले? 'लई' खोडून वर 'फार' लिहिले. 'म्हणली'चे 'म्हणाली' केले. 'स्वास' ह्या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून समासात 'श्वास' असा शुद्ध शब्द तीन वेळा लिहून दिला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्या निमित्ताने श्वस् हा अदादिगणातील धातू, त्याचे श्वसिति हे रूप, त्यापासून निघणारे विश्वास, निःश्वास, आश्वासन हे शब्द, असे अर्धा तास विवेचन केले. विवेचन चांगले झाले होते. वहीच्या शेवटी 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' असा शेरा आणि दहापैकी सहा गुण. बाळ गेल्याबद्दल मी तिला एक अक्षर विचारले नाही. पुढच्या वर्षी तिची शाळा सुटली. ती वही परत न्यावयास आली नाही, माझ्याकडेच राहिली.

मी निष्ठुर मनुष्य आहे असे मला वाटत नाही. पण फडावर मुले जातात, ह्या वाक्याची आम्हां गावकऱ्यांच्या कानांस इतकी सवय झालेली होती की त्यात धक्का बसण्याजोगे काही उरलेच नव्हते. थंडी पडते, मूल आजारी पडते, जाते. जसा दुष्काळ, तशी ही गोष्ट.

हे सारे मला पुन्हा आठवले ते तीन वर्षांपूर्वीच्या पौषात. आमच्या नातवाला, धाकट्याच्या मुलाला, तेव्हा दहावा महिना चालू होता. सर्दी झाली, दोन दिवस ताप आला, आणि तिसऱ्या रात्री तो झोपेत भराभर श्वास घेऊ लागला. घरात एकच कल्लोळ. वहिनींनी ओवा-लसणाची पुरचुंडी शेकावयास घेतली, बंधूंनी गाडी काढली, आणि वीस मिनिटांच्या आत आम्ही सात माणसे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मुलांच्या विभागापुढे उभे होतो. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी नळी कानाला लावण्यापूर्वी मुलाची बंडी वर केली आणि मला म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या घड्याळाला सेकंद काटा आहे ना? जरा माझ्यासमोर धरा." माझ्या मनगटावर एच. एम. टी.चे किल्लीचे घड्याळ होते, लग्नातले. मी ते धरून उभा राहिलो. काट्याचा एक फेरा पुरा होईपर्यंत त्या केवळ मुलाच्या पोटाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "बासष्ट."

एवढ्या एका आकड्यावर पुढचे सारे ठरले. प्राणवायू, शिरेतून औषध, छातीचे छायाचित्र. पाचव्या दिवशी मूल हसत घरी आले.

दुसऱ्या रात्री मी त्यांना विचारले, की हे मोजणे काय आहे? बाईंना थोडी सवड होती आणि सांगण्याची हौसही होती. न्यूमोनियात फुप्फुसाचा भाग सुजून ताठ होतो, प्रत्येक श्वासाबरोबर हवा थोडी येते, म्हणून मूल ती तूट अधिक वेळा श्वास घेऊन भरून काढते. म्हणजे नळी, यंत्र, छायाचित्र ह्यांच्या आधी हा रोग मोजणीत सापडतो. दोन महिन्यांच्या आतील बाळास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास, पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस. खोकला असून मूल रडत नसताना, शांत असताना, पुरे एक मिनिट मोजून ह्या मर्यादेस श्वास पोहोचला की औषधाला उशीर करावयाचा नाही. बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, किंवा मूल पिणे सोडीत असेल, तर रुग्णालय गाठावयाचे.

आणि मग त्यांनी गडचिरोलीची हकीकत सांगितली. तिकडे गोंड, माडिया ह्या आदिवासींची वस्ती, जंगल दाट, दवाखाना दूर. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्या दांपत्याने १९८६ पासून तेथे 'सर्च' ही संस्था काढून काम आरंभिले. १९८८ च्या सुमारास त्यांनी अठ्ठावन्न गावांत एक प्रयोग केला: गावातीलच आरोग्यसेवक आणि सुईणी ह्यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखावयास व सल्फाच्या जातीचे साधे औषध द्यावयास शिकविले. सुईणी निरक्षर, त्यांना साठापर्यंत मोजता कसे यावे? त्यासाठी डॉ. बंग ह्यांनी एक साधन तयार केले. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरला की न्यूमोनिया. दहापर्यंत मोजणे ज्या बाईला येते तिला हे निदान येते. १९९० साली लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात ह्या कामाचे फळ छापून आले. ह्या सेवकांनी औषध दिलेल्या ६१२ रुग्ण मुलांपैकी शेकडा ०.८ दगावली, शेजारच्या ज्या गावांत ही व्यवस्था नव्हती, तेथे न्यूमोनिया झालेल्यांपैकी शेकडा १३.५. (ते जुने औषध आता मागे पडून त्याच्या जागी अमॉक्सिसिलिन आले आहे. तेही महाग नाही.)

मी घरी आलो आणि माळ्यावर चढलो. सूनबाईंना वाटले, अखेर पेटी काढली.

संस्कृतचा अभ्यास केलेल्या माणसास एक खोड असते; कोणतीही गोष्ट कळली की ती आपल्या ग्रंथांत कोठे आहे हे तो शोधावयास बसतो. मीही चरकसंहिता उघडली. चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात हिक्का व श्वास ह्या व्याधींचा विचार आहे; श्वासाचे महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक व क्षुद्र असे पाच प्रकार तेथे आहेत, हे मी पूर्वी पाठ केलेले होते. परंतु त्या व्याधींची कारणे जेथे सांगितली आहेत तो भाग मी आजवर परीक्षेपुरताच वाचला होता, असे त्या दिवशी ध्यानात आले. धूळ, धूर, वारा, थंड जागी राहणे, थंड पाणी, अतिश्रम, फार वाटचाल, रूक्ष आणि वेळी-अवेळी केलेले भोजन. मी पुस्तक मिटून ठेवले. कोणी सांगली-कोल्हापूरच्या फडावर उभे राहून डोळ्यांपुढच्या वस्तूंची यादी करावी, तशी ती यादी होती. ती मोठ्या माणसांच्या श्वासरोगाची आहे आणि तान्ह्यांचा न्यूमोनिया ही जंतूंपासून होणारी निराळी गोष्ट आहे, हे मी जाणतो. आमच्यातील काही विद्वान सर्व आधुनिक शोध वेदांत दाखवितात, त्या पंगतीला मला बसावयाचे नाही. तरी जंतूला घर कोणत्या मुलाच्या छातीत लवकर मिळते, ह्याचे उत्तर त्या यादीपासून फार दूर नाही. कोपीतील चुलीच्या धुराने श्वासनलिकेचे आवरण दुबळे होते. एका कोपीत पाच-सहा माणसे निजली की एकाचा खोकला सर्वांचा होतो. आईचे पोट भरलेले नसेल तर मूल वजनाला कमी, आणि कमी वजनाच्या मुलाला हा रोग लवकर धरतो. गॅसची शेगडी आमच्या गावातील पुष्कळ घरांत आता आली आहे. पण माझ्या पाहण्यातील घरांत ती हंगामभर कुलुपाच्या आत राहते आणि फडावर पाचट व लाकूडच पेटते.

लशीचीच गोष्ट घ्या. न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूवरील, न्यूमोकोकलची, लस पूर्वी खासगी दवाखान्यात हजारो रुपये मोजून मिळत असे. आमच्या घरातील मोठ्या नातवंडांना ती तशीच दिली. २०२१ पासून महाराष्ट्रात ती सरकारतर्फे विनामूल्य मिळू लागली. सहा आठवड्यांस एक, चौदा आठवड्यांस दुसरी, नवव्या महिन्यास तिसरी. आता दसऱ्याच्या सुमारास जन्मलेले मूल डोळ्यांपुढे आणा. त्याची पहिली मात्रा मार्गशीर्षात येते आणि दुसरी पौष-माघात; दोन्ही वेळी ते गावापासून शेकडो मैलांवर फडात असते. ह्या लशी कोणत्याही गावच्या सरकारी दवाखान्यात कोणत्याही मुलास मिळतात, हे खरे. पण दवाखान्यात जाणे म्हणजे एक खाडा, आणि खाडा म्हणजे कापलेले पैसे. औषध विनामूल्य झाले तरी तेथपर्यंतची वाट विनामूल्य झालेली नाही. आमच्या नातवाच्या वेळी गाडी दारात होती, सात माणसे मोकळी होती, आणि त्या रात्री आमच्यापैकी कुणाचा एक पैसाही बुडाला नाही. त्या मुलीच्या भावासाठी मुकादमाची परवानगी हवी होती. रोग दोघांना एकच झाला होता.

ही काही केवळ आमच्या मुलखाची लाज नव्हे. आमचा एक पुतण्या कॅनडात नोकरीस आहे. त्याच्याशी फोनवर ह्या विषयी बोलणे झाले तेव्हा त्याने उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची गोष्ट सांगितली. तो देश किती श्रीमंत! आणि त्याच देशात २०१६ च्या सुमारास इनुइटांमध्ये क्षयरोगाचे प्रमाण, तेथेच जन्मलेल्या पण आदिवासी नसलेल्या लोकांच्या सुमारे तीनशे पट होते. कारणे विचारली तर तीच: लहान घरांत दाटीने राहणे, महाग व अपुरे अन्न, दूरचे रुग्णालय. गेल्या शतकाच्या चाळिशीपासून साठीपर्यंत क्षयाच्या रोग्यांना जहाजात घालून दक्षिणेकडील रुग्णालयांत नेत असत; त्यांतील कित्येक परत आले नाहीत, आणि त्यांना कोठे पुरले हेही घरच्यांस कळविले गेले नाही. ह्याबद्दल त्या देशाच्या पंतप्रधानांनी मार्च २०१९ मध्ये इकालुइट ह्या गावी जाऊन इनुइटांची क्षमा मागितली. पुतण्या म्हणाला, "काका, लोक ऐकताना रडत होते." मी फोन ठेवला आणि मला माझी लाल शाई आठवली. पंतप्रधानांनी निदान तिकडे जाण्याचे कष्ट घेतले.

मग गेल्या दसऱ्याला मी तिच्याकडे गेलो. ती आता केज तालुक्यात सासरी असते. एका जुन्या विद्यार्थ्याने पत्ता काढून दिला. वही मी पिशवीत घेतली होती. दोन खोल्यांचे घर, अंगणात ट्रॅक्टरची वाट पाहत बांधून ठेवलेली भांडी, आणि तिच्या मांडीवर पाच महिन्यांचे तिसरे मूल. मला पाहताच पदर सावरून उठली, पाया पडली, चहा ठेवला. मी मनात जुळवून नेलेली वाक्ये एकामागून एक विसरलो. तो निबंध आठवतो का, एवढेच कसेबसे विचारले. ती हसून म्हणाली, "व्हय गुरुजी. तुमी मला धापैकी सहा दिले होते. माझे तेच समद्यात जास्ती."

वही पिशवीतच राहिली.

मग मी तिला श्वास मोजणे शिकविले. चाळीस वर्षांत इतका छोटा पाठ मी कधी दिला नव्हता, आणि इतक्या लक्षपूर्वक कुणी ऐकलाही नव्हता. शेजारच्या दोघी-तिघी बाया येऊन बसल्या. झोपलेल्या मुलाची बंडी वर केली, माझे घड्याळ मध्ये ठेवले, आणि सगळ्याजणी ओठांतल्या ओठांत मोजू लागल्या. एकीचे अडतीस आले, दुसरीचे एकेचाळीस. पुन्हा मोजले तेव्हा जुळले. मी घड्याळ काढून तिच्या हाती दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "गुरुजी, रातीला काटा कसा दिसंल?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. मूल आजारी पडावयाचे ते रात्री, आणि कोपीत दिवा कुठला? शेवटी तिनेच तोड काढली, की नवऱ्याच्या मोबाइलचा उजेड घड्याळावर पाडता येईल. मोबाइलमध्येच सेकंद मोजण्याची सोय असते, हे मला घरी परतल्यावर सूनबाईंनी सांगितले. असो, घड्याळ दिले ते दिले.

पौषात, संक्रांतीच्या आदल्या रात्री, साडेदहाच्या सुमारास फोन वाजला. आमच्याकडे तेव्हा स्वयंपाकघरात तिळगुळाच्या वड्या थापणे चालले होते. "गुरुजी, चोपन्न हायेत. दोनदा मोजलं. निजलेलं हाय, रडत न्हाई." मूल त्या वेळी आठ महिन्यांचे. मी म्हणालो, "अगं, मग थांबू नकोस. आत्ता नीघ." ती म्हणाली, मुकादम गाडी भरून झाल्यावर जा म्हणतोय. मी म्हणालो, त्याला फोन दे. मी त्याला काय बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. निवृत्त शिक्षकाचा आवाज कधीकधी उपयोगी पडतो एवढे खरे. रात्री बारा वाजता ती दोघे मोटारसायकलवरून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोहोचली. तेथे औषध मिळाले, दोन दिवस ठेवून घेतले.

परवा, चैत्र लागल्यावर, ती परत आली आहे असे कळले म्हणून पुन्हा गेलो. मूल अंगणात रांगत होते आणि घड्याळाची किल्ली पिरगाळण्याच्या खटपटीत होते. दवाखान्याचे दोन दिवस मुकादमाने खाडे धरले होते. ह्या खेपेस मी विचारले, किती पैसे कापले? खाडा एकट्या बाईचा धरीत नाहीत, पुऱ्या कोयत्याचा धरतात. तिने दोघांचे मिळून बोटांवर मोजून दाखविले. ते पुढच्या दसऱ्याच्या उचलीतून वळते होणार आहेत.